विचार करून मिळालेलं उत्तर आणि आयतं मिळालेलं उत्तर : फरक नेमका कशात?

निरंतर

जड दगड हलक्या दगडापेक्षा लवकर खाली पडतो, हे जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेक शिकलेल्या माणसांना उघड वाटत होतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यावर एक युक्तिवाद मांडला. तो समजायला मिनिटभर पुरतं.

समजा, जड दगड खरोखरच वेगाने पडतो. आता त्याला एक हलका दगड दोरीने बांधा. हलका दगड हळू पडणारा, म्हणजे तो जड दगडाला मागे ओढणार. जोडीचा वेग एकट्या जड दगडापेक्षा कमी व्हायला हवा. पण जोडीचं वजन तर एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे तिचा वेग जास्तही व्हायला हवा. एकाच गृहीतकातून दोन उलटी उत्तरं निघाली. मग गृहीतकच सोडावं लागतं.

हा युक्तिवाद समजायला एकही दगड टाकावा लागत नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं आणि दोन्ही बरोबरच खाली आले. आज शाळेतल्या मुलालाही उत्तर पाठ असतं : हवा नसेल तर जड-हलकं सगळं बरोबरच पडतं.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. ज्याला उत्तर पाठ आहे आणि जो त्या दोरीच्या युक्तिवादातून गेला आहे, त्या दोघांत फरक काय? दोघे वाक्य तेच लिहितील, गुणही तेच मिळतील. मला वाटतं, दुसऱ्याला त्या उत्तराची हद्द माहीत असते. ते कशावर उभं आहे आणि काय काढून घेतलं तर कोसळेल, हे त्याला सांगता येतं. हवेत कागद रेंगाळत खाली येताना पाहून पहिला गोंधळतो. दुसरा विचारतो की इथे वजनाशिवाय आणखी कोण काम करतंय. माणसाच्या विचाराचं मोल मला या हद्द ओळखण्यात दिसतं. उत्तर तर उसनंही मिळतं.

फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कल १६६२ मध्ये गेला. त्याची टिपणं १६७० मध्ये छापली गेली, त्यात त्याने म्हटलंय की माणूस हा निसर्गातला सर्वांत दुबळा बोरू (पाण्याकाठचं गवत), पण विचार करणारा बोरू. पाण्याचा एक थेंब त्याला मारायला पुरे, तरी आपण मरतोय हे त्याला कळतं आणि विश्वाला कळत नाही. आपली सारी प्रतिष्ठा विचारात आहे, असं तो म्हणतो. मला हे पटतं, पण कोणता विचार? डोक्यात दिवसभर जे चाललेलं असतं ते सगळंच?

उलट बाजू असलेल्यांनी जरूर लिहा. त्यासाठीच हा धागा.

कोरापाटी

तुमच्या शेवटच्या प्रश्नालाच हात घालते. दिवसभर जे चाललेलं असतं त्यात विचार फार थोडा. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये लोकांना फोनवरून अवेळी गाठून विचारलं होतं, आत्ता मन हातातल्या कामात आहे का? सुमारे ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. आणि मन भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते.

त्याहून मला अस्वस्थ केलं ते २०१४ च्या एका प्रयोगाने. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, सोबत फक्त स्वतःचं मन. एक बटण होतं, दाबलं तर विजेचा झटका. तो झटका आधी चाखलेला होता आणि तो पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजू असं याच लोकांनी सांगितलेलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं.

विचारात जर आपली प्रतिष्ठा असेल, तर आपण तिच्यापासून इतके पळतो का?

गणितवेडी

@कोरापाटी, भरकटणं सगळंच वाया जातं असं नाही. फ्रेंच गणिती प्वांकारेने स्वतःचा अनुभव लिहून ठेवलाय. फुक्सीय फलनं नावाच्या गणिती विषयावर पुष्कळ डोकं फोडून झालं होतं, मग तो सहलीला गेला आणि बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता एकदम उत्तर सुचलं. त्या क्षणी तो गणिताबद्दल काही बोलतही नव्हता.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. प्वांकारे थांबला नाही. अशी झेप येण्याआधी जाणीवपूर्वक केलेली मेहनत लागते आणि झेप आल्यावर पुन्हा बसून ती तपासावी लागते, हेही त्याने लिहिलंय. कारण खात्रीची ती लखलखीत भावना कधीकधी चुकीच्या कल्पनेबरोबरही येते. सुचणं आपल्या हातात नसतं, तपासणं असतं. @निरंतर ज्याला हद्द ओळखणं म्हणतात ते मला या तपासण्यात दिसतं.

सांजवारा

धागा आवडला. वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक बाजू मांडते जी अशा चर्चांमध्ये सुटते.

विचार म्हणजे मनातल्या मनात बोलणं, असं आपण धरून चालतो. मेंदूतल्या इजेमुळे ज्यांची भाषा जवळजवळ पूर्ण गेली आहे त्यांच्याकडे पाहिलं की हे टिकत नाही. रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा तीन रुग्णांचा अभ्यास छापला. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केलेली दोन वाक्यं त्यांना वेगळी ओळखता येत नव्हती, कोणी कोणाला मारलं हे समजत नव्हतं. पण वजाबाकीत कोणती संख्या आधी आणि कोणती नंतर याने फरक पडतो, हे त्यांना पक्कं कळत होतं. कंसातली गणितंही ते सोडवत होते. फेडोरेन्को, पियांटाडोसी आणि गिब्सन यांनी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये असे बरेच पुरावे एकत्र मांडले : भाषा मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार तिच्यावाचूनही चालतो. आइन्स्टाइननेही गणिती आदामारला कळवलं होतं की त्याच्या विचारांच्या कामात शब्दांना फारशी जागा दिसत नाही.

हे सांगण्यामागे माझी कळकळ अशी, की बोलता न येणाऱ्या माणसाला आपण फार पटकन 'आता याला काही समजत नाही' असं ठरवून टाकतो. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतो, त्याला न विचारता त्याचे निर्णय घेतो. आत माणूस पूर्ण जागा असू शकतो.

आणि @निरंतर, पास्कलच्या वाक्याला माझा खरा आक्षेप आहे. प्रतिष्ठा जर सगळी विचारात असेल, तर ज्याचा विचारही हळूहळू विझत चाललाय, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातलं माणूस, त्याचं काय? त्याची प्रतिष्ठा कमी होते?

निरंतर

@सांजवारा, नाही. माणसाचं मोल आणि विचाराचं मोल ही दोन वेगळी मोजमापं आहेत. माणूस विचार करतो म्हणून मौल्यवान, असं म्हटलं की मूल, आजारी माणूस, म्हातारपणी सगळं विसरलेला माणूस हे सगळे रांगेत मागे जातात. मला ती रांगच नको आहे. धाग्यातला प्रश्न मी एवढाच धरतो : विचार करता येत असताना तो करण्याला किंमत का आहे.

भाषेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. एवढंच जोडतो की भाषा विचाराला लागत नसली तरी तपासायला फार उपयोगी पडते. लहान मुलं अवघड काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात. मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्कीचं म्हणणं होतं की तेच बोलणं पुढे आत जातं आणि मनातलं बोलणं होतं. म्हणजे आपण आधी दुसऱ्याशी बोलायला शिकतो आणि नंतर स्वतःशी.

अर्धविराम

असहमत. तुम्ही सगळे विचाराचं फार गोड चित्र काढताय. हे करून पाहा.

चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वरच्या बाजूला दिसतंय : अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खोटा तर नाही ना, हे बघायला कोणती कार्डं उलटावीच लागतील?

पीटर वेसनने १९६६ मध्ये हे कोडं मांडलं. बहुतेक लोक 'अ' आणि '४' म्हणतात, नाहीतर नुसतं 'अ'. बरोबर उत्तर 'अ' आणि '७'. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. सुशिक्षित लोकांत दहातला एखादाच बरोबर येतो. हद्द ओळखणं तुम्ही म्हणता तेच इथे मोजलं जातंय, आणि त्यात आपण नापास आहोत.

माझं मत स्पष्ट आहे. माणूस आधी ठरवतो, मग त्यासाठी कारणं गोळा करतो. आपण ज्याला विचार म्हणतो तो बहुतेक वेळा आधीच दिलेल्या निकालाची वकिली असते.

पायवाट

@अर्धविराम, कोडं चांगलं दिलंत, पण त्याची पुढची गोष्ट राहिली.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं वेगळ्या वेषात दिलं : 'बीअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं', चार गिऱ्हाइकांपैकी कोणाला तपासाल? तर्क तोच, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लोक बरोबर आले. लबाडी पकडायची असली की डोकं चालतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉशमन आणि गाइल यांचा १९९८ चा अभ्यास. वेसनचं मूळ, कोरडं कोडंच घेतलं. एकेकट्याने सोडवलं तेव्हा ९ टक्के बरोबर. पाच-सहा जणांचे गट बसवून चर्चा करू दिली, तर सुमारे तीन चतुर्थांश गट बरोबर उत्तरावर आले. नुसतं बहुमत झालं असतं तर 'अ आणि ४' हेच जिंकायला हवं होतं. उत्तर बदललं ते कोणीतरी 'पण चारच्या मागे क निघाला तर काय बिघडलं?' असं विचारलं आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून.

मर्सिये आणि स्पर्बर यांनी २०११ मध्ये यावरूनच मांडणी केली, की तर्कबुद्धी घडली आहे ती वाद घालण्यासाठी. स्वतःच्या बाजूची कारणं शोधण्यात आपण पक्षपाती, दुसऱ्याची कारणं तपासण्यात बऱ्यापैकी कडक. तुमची वकिली मान्य करतो. पण समोर दुसरा वकील असला की तीच वकिली कामाची होते.

न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्राने, हा भेद फार आधी केलेला आहे. सत्य कळावं म्हणून दोघे बोलतात तो वाद, जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. शास्त्रीय ग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि तेही शक्य तितकं भक्कम करून. त्यानंतर स्वतःचं उत्तर. ही शिस्त मला कुठल्याही प्रयोगाइतकीच मोलाची वाटते.

गणितवेडी

+१. आणि एकट्याने करायचं तर दुसरा वकील स्वतःच व्हायचं. तुकोबांनी एकांताचं वर्णन करताना नेमकं हेच म्हटलंय : 'आपुलाचि वाद आपणांसी'.

तळटीप

चर्चा छान चालली आहे, पण मुळाशी कोणी गेलं नाही. सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, साधारण २० वॅट ऊर्जा, आणि विचार म्हणजे त्यांच्यातली विद्युत-रासायनिक हालचाल. मेंदूचा अभ्यासक लिबेट याच्या १९८३ च्या प्रयोगात बोट हलवायचं ठरवल्याची जाणीव व्हायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीचा संकेत सुरू झालेला होता. मग 'मी विचार केला' यातला 'मी' कोण?

गणितवेडी

@तळटीप, त्या संकेताचा अर्थ आता तितका सरळ राहिलेला नाही. शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मेंदूतले आपोआप होणारे चढउतार साठत जाऊन एका पातळीला पोचले तरी तसाच आलेख मिळतो. म्हणजे तो आधीच घेतलेला निर्णय असेलच असं नाही. शिवाय त्या प्रयोगात बोट आत्ता हलवायचं की जरा वेळाने, याला कारणच नव्हतं. जिथे कारणंच नाहीत तिथे विचार मोजता कसा येईल? दोरीने बांधलेल्या दगडांचा युक्तिवादही चेतापेशींतच घडतो, मान्य. तो बरोबर आहे की चूक, हे मात्र चेतापेशी मोजून ठरत नाही.

कोरापाटी

सगळं वाचलं. आता जी गोष्ट मला खरोखर सतावते ती विचारते. मी शिकवते. यंत्राकडून आलेलं नुसतं उत्तर ओळखणं सोपं होतं. आता यंत्र पायऱ्याही लिहून देतं, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षासकट. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या टुरिंगने १९५० मध्ये 'यंत्र विचार करू शकेल का' हा प्रश्न बाजूला ठेवून 'ते माणसासारखं उत्तर देऊ शकेल का' असं विचारलं; त्याचं उत्तर आता बऱ्याच अंशी हो असंच आहे. विद्यार्थी म्हणतात, 'तर्क बरोबर आहे, मग तो कोणी केला याने काय फरक पडतो?' मला याचं प्रामाणिक उत्तर हवं आहे. 'परीक्षेत यंत्र नसेल' हे उत्तर नाही.

गणितवेडी

@कोरापाटी, हा प्रश्न आमच्याकडे, गणितात, १९७६ मध्येच येऊन गेला.

कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येत नाही. हे अनुमान १८५२ पासूनचं. ॲपल आणि हाकेन यांनी ते सिद्ध केलं, पण कसं? सगळे नकाशे जवळजवळ दोन हजार नमुन्यांवर आणून ठेवले आणि ते नमुने संगणकाकडून तपासून घेतले. कोणाही माणसाने ती सिद्धता पायरी पायरीने हाताने तपासलेली नव्हती. अनेक गणिती अस्वस्थ झाले. पुढे २००५ मध्ये गोंथिएने ती पूर्ण सिद्धता संगणकीय तर्कप्रणालीत बसवून पडताळली, त्यामुळे चुकीची शंका जवळजवळ संपली. अस्वस्थता तरीही पूर्ण गेली नाही.

कारण गणितात 'खरं आहे का' एवढंच कोणी विचारत नाही. 'का खरं आहे' हेही हवं असतं. चांगली सिद्धता समजली की तिच्यातली कल्पना उचलून दुसरीकडे नेता येते, अट बदलली तर काय मोडेल ते दिसतं. दोन हजार नमुने तपासल्याची पावती हातात घेऊन कुठे जाणार? यंत्राने लिहिलेल्या पायऱ्या चांगल्या असतील तर खुशाल वाचाव्यात, जशा आपण गॅलिलिओच्या वाचतो. पण वाचणाऱ्याने त्या पायऱ्या चढायला हव्यात. विद्यार्थ्याला एकच अट बदलून विचारा : दगडांवर विद्युतभार असेल आणि वरून विद्युतक्षेत्र लावलं, तर तेच खरं राहील का? नुसता तर्क उतरवून घेतलेल्याला इथे पाऊल टाकता येणार नाही.

सांजवारा

विद्युतभाराचं उदाहरण एकदम पटलं.

पायवाट

@कोरापाटी, दुसरं कारण जबाबदारीचं. २६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत सैन्याचा लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह इशारा केंद्रात रात्रपाळीवर होता. उपग्रह प्रणालीने सांगितलं, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग आणखी चार. प्रणालीच्या दृष्टीने खात्री पूर्ण होती. पेत्रोव्हने स्वतःशी हिशेब मांडला : पहिला हल्ला करणारा पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करणार नाही, प्रणाली नवी आहे, जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नाही. त्याने खोटा इशारा म्हणून वर कळवलं. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह फसला होता.

यंत्र आपली हद्द ओळखू शकलं नाही. ती त्या खुर्चीतल्या माणसाने ओळखली.

अर्धविराम

@पायवाट, यातला धोका बघा. निकाल चांगला लागला म्हणून विचार चांगला होता, असं आपण म्हणतोय. त्या रात्री क्षेपणास्त्रं खरी असती तर हाच माणूस पुस्तकांत वेगळ्या नावाने गेला असता. त्याने स्वतःच नंतर सांगितलंय की त्याला पूर्ण खात्री नव्हती, अर्धीअर्धी शक्यता होती.

पायवाट

रास्त आक्षेप. म्हणूनच निकाल बाजूला ठेवून फक्त ती तीन कारणं बघा. प्रत्येक कारण असं आहे की ते चूक ठरवता येईल. रडारवर काही दिसलं असतं तर तिसरं कारण तिथेच संपलं असतं. खात्री नसताना त्याच्याकडे सांगता येण्यासारखी, मोडता येण्यासारखी कारणं होती, आणि निर्णय त्याच्या नावावर होता. प्रणालीला 'तुला असं का वाटतं' विचारायची सोय नव्हती आणि चुकीचं उत्तर तिला भोगावंही लागणार नव्हतं.

अर्धविराम

हे मान्य. तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. पाच जणांचा गट रोज मिळत नाही, पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणारे त्याहून कमी. एकटा माणूस बसलाय, मत बनलेलं आहे, ते त्याला आवडतं. आपण वकिली करतोय की विचार, हे त्याने ओळखायचं कसं?

निरंतर

@अर्धविराम, यावर मला माहीत असलेला सर्वांत ठोस उपाय डार्विनचा आहे. १८३७ मध्ये त्याने वहीत जीवांच्या वंशवृक्षाचं पहिलं कच्चं रेखाटन केलं आणि त्यावर लिहिलं 'मला वाटतं'. पुस्तक आलं १८५९ मध्ये. मधल्या वर्षांतली त्याची एक सवय त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी कोणतीही गोष्ट वाचनात किंवा निरीक्षणात आली, किंवा नुसती मनात आली, तरी ती लगेच टिपून ठेवायची. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या निसटतात, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

तुम्ही वेसनच्या कोड्यात जे दाखवलंत तेच हे. सगळे चारचं कार्ड उलटतात. डार्विन सातची कार्डं जमवत राहिला. पुस्तकात त्याने सिद्धांतापुढच्या अडचणींसाठी अख्खं प्रकरण दिलं, डोळ्यासारखा अवयव हळूहळू कसा घडेल हा प्रश्न त्यातच आहे. या सवयीमुळे, असं तो म्हणतो, माझ्या मतांवर असे फारच थोडे आक्षेप आले की जे मी आधी निदान पाहिले नव्हते आणि ज्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न केला नव्हता.

तर एकट्या माणसाने वही उघडून बघावी. आवडत्या मताच्या विरोधातल्या किती नोंदी आहेत? एकही नसेल तर वकिली चालू आहे.

कोरापाटी

हे मी वर्गात वापरणार. यापुढे निबंधासोबत वेगळं पान मागेन : तुमच्या मताला सर्वांत जड जाणारी गोष्ट कोणती, ती कुठे सापडली आणि ती वाचल्यावर तुम्ही मताचा कोणता भाग सोडलात. यंत्र तेही लिहून देईल, हे ठाऊक आहे. म्हणून ते पान समोर बसवून, तोंडी विचारणार, एक अट बदलून.

अर्धविराम

@कोरापाटी, 'काहीच सोडलं नाही' हे उत्तरही मान्य करा, फक्त का सोडलं नाही ते सांगता यायला हवं. नाहीतर मुलं गुणांसाठी खोटंच काहीतरी सोडतील.

कोरापाटी

बरोबर. तशी सूचना त्या पानावरच छापते.